७०५ ग्रॅम वजनं मारूनही थरथरणारी हायलक्स: ३३ इंची मड टेरेन टायरच्या बॅलन्सिंगचं एक प्रकरण

डाव्या पुढच्या चाकावर २६० ग्रॅम, उजव्या पुढच्यावर १४०, डाव्या मागच्यावर ९५ आणि उजव्या मागच्यावर २१०. चाकाचा असमतोल भरून काढायला रिमवर लावलेली ही वजनं, चारही चाकं मिळून ७०५ ग्रॅम. पाच आठवड्यांत तीन दुकानांत बॅलन्सिंग झालं. तिन्ही ठिकाणी मशीनच्या पडद्यावर दोन्हीकडे शून्य आलं आणि तिन्ही वेळा गाडी हमरस्त्याला लागल्यावर स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. चौथ्या ठिकाणी आणखी वजनं मारण्याऐवजी आधीची सगळी उपटून काढली आणि सुरुवातीपासून तपासणी केली. तिथे काय सापडलं ते इथे मांडलं आहे.

गाडी टोयोटा हायलक्स. कंपनीचे टायर २६५/६५ आर १७. त्या जागी २८५/७० आर १७ मड टेरेन (चिखलासाठीचे, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे) टायर आणि बाहेरून घेतलेले ८.५ इंच रुंदीचे अलॉय बसवलेले. सस्पेन्शन थोडं उचललेलं. वापर आठवडाभर शहरात आणि हायवेवर, पावसाळ्यात महिन्यातून एकदोनदा ताम्हिणीच्या पलीकडे कोकणातल्या लाल चिखलात. (कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेरचा टायर हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीतला फेरफार ठरू शकतो, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तोच आडवा येतो. टायर घेण्याआधी हे पक्कं समजून घ्यावं.)

मोठ्या टायरने काय बदलतं ते आधी आकड्यांत बघू. जुन्या टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर, नव्याचा ८३१, म्हणजे जवळपास ३३ इंच. म्हणजे चाक सात टक्के मोठं झालं आणि स्पीडोमीटर तेवढाच मागे पडला. काटा ७५ वर असताना गाडी ८० ने पळते, ८५ वर असताना ९१ ने. गाडीमालकाची तक्रार काट्यावरच्या ७५ ते ८५ मधली होती, म्हणजे खऱ्या ८० ते ९१ मधली. या वेगाला हे चाक सेकंदाला साधारण पावणेनऊ ते दहा फेरे घेतं. हाताला जाणवणारी थरथरही तेवढ्याच वेगाची असेल तर दोष फेऱ्यामागे एकदा ठोका देणारा आहे: असमतोल, चाक गोल नसणं किंवा मध्यावर न बसणं. मड टेरेनचा घूं घूं आवाज वेगळा. तो नक्षीच्या ठोकळ्यांचा असतो, चाकाच्या फेऱ्यांच्या कित्येक पट वेगाने येतो आणि कानाला ऐकू येतो, हाताला जाणवत नाही. बॅलन्सिंगने तो जात नाही. या गाडीत दोन्ही होतं आणि मालक दोन्हीला ‘व्हायब्रेशन’च म्हणत होता, त्यामुळे पहिल्या दुकानात बराच वेळ वाया गेला.

दुसरा बदल वजनाचा. नवा टायर काट्यावर २६.५ किलो आणि रिम १३.२ किलो भरली, म्हणजे चाक ४० किलोच्या घरात. कंपनीचं चाक २८ किलोचं होतं. प्रकरणाचं मूळ या ४० किलोंत आहे.

आधी रस्त्यावर चाचणी घेतली. वीस किलोमीटर चालवून टायर गरम करून घेतले, कारण जड टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की टेकलेल्या जागी चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर खोटी थरथर देतो. नंतर सपाट रस्त्यावर वेग धरून गिअर न्यूट्रल केला. थरथर तशीच राहिली, म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. हलका ब्रेक लावून ती वाढली नाही, म्हणजे डिस्कवर संशय नाही. स्टिअरिंगमध्ये जास्त आणि सीटखाली कमी जाणवत होती, म्हणजे मुख्य दोष पुढे आणि काहीतरी मागेही. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या जवळपास चौपट वेगाने फिरतो, त्याची थरथर बारीक आणि गुणगुणल्यासारखी असते. तशी इथे नव्हती.

गाडी लिफ्टवर घेतल्यावर बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बुश तपासले. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवलं, कुठेही खेळ नव्हता. ही पायरी गाळायची नाही. ढिला टाय रॉड एंड पाच ग्रॅमचा असमतोलही पन्नास ग्रॅमचा करून दाखवतो. आणि ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ एका दमात म्हणायची सवय असली तरी ही दोन कामं वेगळी आहेत. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर खाते. ठराविक वेगाला येणारी थरथर अलाइनमेंटने जात नाही. या गाडीची अलाइनमेंट पाच आठवड्यांत दोनदा झाली होती.

चाकं उतरवली तेव्हा पहिली गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसली. डाव्या पुढच्या रिमच्या आत, स्पोकच्या मागे, लाल मातीचा एक गोळा वाळून दगड झाला होता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून ताटलीत घेतला आणि वजन केलं तर १८० ग्रॅम. त्याच्याच शेजारी, थेट मातीच्या पातळ थरावर, वजनांची एक पट्टी चिकटवलेली होती. दुसऱ्या दुकानात गाडी ट्रिपवरून थेट गेली होती. तिथे चाक बाहेरून धुतलं, आतून नाही, आणि मशीनने मातीसकट चाक तोलून दिलं. पुढच्या पावसात मातीचा काही भाग सुटला आणि मातीला तोलायला मारलेलं वजन तसंच राहिलं. रिमचा आतला भाग ब्रश घालून धुतल्याशिवाय आणि कापडाने कोरडा केल्याशिवाय मोठं चाक मशीनवर चढवूच नये. नक्षीत अडकलेले दगडही काढायचे. टायरच्या कडेला अडकलेला ४० ग्रॅमचा खडा मध्यापासून ४० सेंटिमीटरवर असतो आणि आपण वजनं चिकटवतो ती २० सेंटिमीटरवर, म्हणजे तो खडा रिमवरच्या ८० ग्रॅमांइतका मोजला जातो.

मातीने डाव्या चाकाचा हिशेब काही अंशी लागला. बाकीच्या तीन चाकांचा लागला नाही.

मशीनवर चाक कसं बसतं

बॅलन्सिंग मशीन चाकाचा असमतोल मोजत नाही. आपल्या शाफ्टच्या मध्यरेषेभोवती चाक कसं बसलं आहे, ते मोजतं. चाक शाफ्टवर बरोबर मध्यावर असेल तरच दोन्ही गोष्टी एक. ४० किलोचं चाक मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं तर ४०,००० ग्रॅम गुणिले ०.५, म्हणजे २०,००० ग्रॅम-मिलिमीटरचा खोटा असमतोल तयार होतो. वजनं २०० मिलिमीटरच्या त्रिज्येवर चिकटतात, त्यामुळे पडद्यावर तो १०० ग्रॅम दिसतो. कंपनीच्या २८ किलोच्या चाकाला तीच चूक ७० ग्रॅमची. रोजच्या हॅचबॅकच्या १५ किलोच्या चाकाला ३७ ग्रॅमची, आणि तेवढी चूक पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच रोज पन्नास गाड्या नीट करणाऱ्या दुकानात मोठं चाक बिघडतं. कारागीर तोच असतो, हातही तोच, पण चूक खपवून घेण्याची जागा संपलेली असते.

ही चूक पकडायची रीत सोपी आहे आणि कुठल्याही दुकानात दोन मिनिटांत होते. चाक मशीनवर बसवून फिरवायचं आणि स्टॅटिक मोडवरचा (आत-बाहेर न वाटता चाकाचा एकूण असमतोल दाखवणारा) आकडा आणि जागा खडूने रिमवर लिहायची. मग नट ढिला करून चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा आवळायचं, पुन्हा फिरवायचं. आकडा आणि जागा तीच आली तर चाक मध्यावर आहे. डाव्या पुढच्या चाकाची वजनं काढून आणि ते धुऊन, आधीच्या दुकानांसारखंच बसवून बघितलं. पहिल्या फेरीला १०५ ग्रॅम आले. अर्धा फेरा दिल्यावर १५ ग्रॅम, तेही बरोबर विरुद्ध बाजूला. दोन्हींत १२० ग्रॅमचं अंतर, म्हणजे मधली चूक ६० ग्रॅमची आणि सरकणं ०.३ मिलिमीटरचं. चाकाचा खरा असमतोल होता ४५ ग्रॅम. त्याच्यावर २६० ग्रॅम वजन बसलं होतं.

हे ०.३ मिलिमीटर आले कुठून? या अलॉयचं मधलं भोक ११० मिलिमीटरचं आहे. हबकडची, म्हणजे गाडीवर चाक जिथे बसतं त्या बाजूची, त्याची कड मशीन केलेली, स्वच्छ आहे. बाहेरच्या बाजूला, जिथे कॅप बसते, तिथे रंगाचा जाड थर आणि ओतकामाची खडबडीत कड आहे. दुकानात शंकू (चाकाच्या भोकात घुसून ते शाफ्टच्या मध्यावर आणणारा भाग) बाहेरून घातला होता, कारण आतून घालायचा मोठा शंकू लावला की रुंद, जड चाकाला शाफ्टवर नटासाठी पुरेसे आटे उरत नव्हते. शंकू रंगावर टेकला आणि चाक आपल्या वजनाने खाली बसलं. नियम असा की रिम गाडीवर जिथे टेकते, तिथूनच मशीनवर धरायची. मोठा शंकू आतल्या बाजूने, त्याच्यामागे स्प्रिंग, आणि बाहेरून प्लास्टिकच्या वाटीऐवजी सहा बोटांची फ्लँज प्लेट, जिची बोटं नटांच्या खाचांत बसतात. हायलक्सला सहा बोल्ट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर; प्लेट तेवढी लावून घ्यायची. नट आवळताना चाक एका हाताने हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे ते शंकूवर सगळीकडून सारखं चढतं. अशी मांडणी केल्यावर अर्ध्या फेऱ्याच्या चाचणीत फरक १० ग्रॅमपर्यंत आला. या वजनाच्या चाकाला १५ च्या आत आला तर पुढे जावं. त्याहून जास्त आला तर एकही वजन चिकटवू नये.

ज्या दुकानात फ्लँज प्लेट नाही आणि मोठा शंकू आतून लागत नाही, तिथे ३३ इंची टायर घेऊन जाऊ नये. कारागीर कितीही चांगला असला तरी.

रिम, टायर आणि त्यांची गोलाई

आता टायर रिमवरून उतरवून रिम एकेक करून डायल गेजखाली (मिलिमीटरचे अंश मोजणाऱ्या मापकाखाली) फिरवल्या. बीड (टायरची रिमला घट्ट धरणारी आतली कड) जिथे बसतो त्या जागेची वर-खाली चाल मोजली. तीन रिमा ०.३ ते ०.४ मिलिमीटरमध्ये होत्या. डाव्या पुढच्या रिमची आतली कड एका जागी दाबलेली होती, तिथे १.४ मिलिमीटर. दगडावर आपटल्याची खूण आत दिसत होती; बाहेरून बघून ती कुणालाच कळली नसती. अलॉयला ०.८ च्या वर चाल असेल तर पुढच्या धुरेवर ती रिम ठेवू नये. तापवून सरळ केलेला अलॉय कमजोर होतो, आणि कमी हवेवर दगडांत चालणाऱ्या गाडीवर तो परत लावणं धोक्याचं. रिम बदलायचं ठरलं. नवी येईपर्यंत ती उजवीकडे मागे टाकली.

रिमवरून उतरवताना उजव्या मागच्या टायरमधून हिरवट चिकट पाणी ओघळलं. पंक्चर सीलंट, मोजून साधारण ४०० मिलिलिटर. २१० ग्रॅमचं कोडं तिथे सुटलं. टायरमध्ये द्रव असला की गाडी उभी असताना तो तळाशी जमतो आणि मशीनवर दर फेरीला वेगळ्या जागी पसरतो. आकडा कधीच स्थिर होत नाही, कारागीर त्याच्या मागे धावत राहतो आणि वजनं वाढत जातात. मशीनवर तीन फेऱ्यांत तीन वेगळे आकडे आले, तेही चाकाला हात न लावता, तर पहिला संशय आत पाणी किंवा सीलंट असल्याचा. सीलंट ओतायचंच असेल तर ते पंक्चर झाल्यावर, घरी पोहोचण्यापुरतं. आधीच भरून ठेवायची पद्धत मोठ्या टायरला परवडत नाही. टायर आतून पुसून कोरडा केला आणि पंक्चर आतून मशरूम पॅच लावून नीट केलं.

डाव्या मागच्या चाकाची गोष्ट आणखी वेगळी होती. टायर बसवताना कुणीतरी पिवळ्या खडूने टायरच्या बाजूवर व्हॉल्व्हसमोर खूण केली होती. ती आता व्हॉल्व्हपासून ११० मिलिमीटर दूर होती. टायर रिमवर सरकला होता. चिखलात १४ पीएसआयवर हवा उतरवून लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) चढ घेतला की मागच्या चाकांवर जोर येतो आणि रिम टायरच्या आत घसरते. इथे त्यात भर पडली होती: टायर बसवताना बीडला साबणाचं पाणी भरपूर लावलं होतं आणि त्याच दिवशी गाडी घाटात गेली. बीडचा घेर १३७० मिलिमीटर धरला तर ११० मिलिमीटर म्हणजे २९ अंश. टायरचा स्वतःचा जड भाग १२० ग्रॅमचा असेल, तर तो २९ अंश सरकल्यावर, एकही वजन न हलता, ६० ग्रॅमचा नवा असमतोल तयार होतो. पंधरा मिनिटांचा चढ आणि बॅलन्सिंग गेलं. ऑफ-रोड गाडीच्या बॅलन्सिंगचे पैसे सारखे का जातात याचं सर्वात सामान्य कारण हेच, आणि दुकानात ते कुणी तपासत नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. व्हॉल्व्हसमोर टायर आणि रिम या दोन्हींवर ऑइल पेंटची एक सलग रेघ मारायची, आतल्या बाजूनेही एक. बीडला साबणाच्या पाण्याऐवजी बीड पेस्ट, तीही पातळ थरात. टायर बसवल्यापासून एक दिवस हवा पूर्ण ठेवायची आणि चढ, जोराचे ब्रेक टाळायचे. ट्रिपहून आल्यावर रेघ बघायची. तुटली नसेल तर बॅलन्सिंगला हात लावू नये.

टायर पुन्हा चढवताना बीड बसण्यासाठी हवा ४० पीएसआयच्या वर नेली नाही. त्या दाबाला बीड बसला नाही तर हवा सोडून, पेस्ट लावून, टायर फिरवून पुन्हा प्रयत्न करायचा. जास्त दाबाने बीड तुटू शकतो आणि समोर उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. बसल्यावर टायरच्या कडेला बीडजवळ जी बारीक उठावाची रेघ असते, तिचं रिमच्या काठापासूनचं अंतर चार ठिकाणी मोजलं. एका टायरला एका बाजूला ते दोन मिलिमीटर कमी होतं, म्हणजे बीड तिथे पूर्ण बसला नव्हता. हवा सोडून पुन्हा बसवला.

मग जोडलेल्या चाकाची गोलाई मोजली. डाव्या मागच्याला २.३ मिलिमीटर. इथे थांबून एक हिशेब केला पाहिजे, कारण बहुतेक वाद इथेच सुटतो. अशा टायरचा ताठपणा ढोबळमानाने मिलिमीटरला २५ किलो धरता येतो. २.३ मिलिमीटरची चाल म्हणजे दर फेऱ्यात रस्त्यावरचा दाब ५८ किलोंनी कमीजास्त होतो, मध्यापासून दोन्हीकडे २९-२९. याच्या तुलनेत रिमवरचा ६० ग्रॅमचा असमतोल ताशी ९० किलोमीटरला ४.७ किलोचा झटका देतो. टायर गोल नसेल तर त्याची थरथर शिशाने झाकली जात नाही. मशीन मात्र त्याला शून्य देतं, कारण मशीनवर टायर जमिनीला टेकतच नाही. गोलाई वजनाने नव्हे, टायर रिमवर फिरवून सुधारते: टायरचा उंच बिंदू रिमच्या सखल बिंदूसमोर आणायचा. टायरवर लाल ठिपका असेल तर तो उंच बिंदू दाखवतो, पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो आणि तो व्हॉल्व्हसमोर येतो. दोन्ही असतील तर लाल ठिपक्याला मान द्यावा. या टायरवर ठिपके नव्हते, म्हणून डायल गेजने उंच बिंदू शोधून टायर रिमवर फिरवला. चाल २.३ वरून १.५ झाली. मड टेरेनला दीडच्या आत असणं चांगलं, दोनपर्यंत चालतं.

यानंतरच वजनं. मशीनमध्ये अंतर, रुंदी आणि व्यास हातानेच नव्याने भरले. रुंदी कॅलिपरने मोजून ८.५ इंच, कारण आधीच्या एका दुकानात ७.५ भरल्याचं बिलासोबतच्या चिठ्ठीवर दिसत होतं. रुंदी चुकली की आतल्या आणि बाहेरच्या बाजूंची वाटणी चुकते. काठावर ठोकायची क्लिपची वजनं चिखलात पहिल्याच ट्रिपला उडतात, म्हणून दोन्ही रांगा आत, चिकटवायच्या: एक रिमच्या आतल्या काठाजवळ, दुसरी स्पोकच्या मागे. दोन रांगांमधलं अंतर जेवढं जास्त तेवढं वजन कमी लागतं. इथे १३० मिलिमीटर मिळालं. स्पोकमागची रांग ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, ते गाडीवर चाक हाताने फिरवून बघितलं. पडद्यावर शून्य आलं की बारीक आकडा दाखवणारं बटण दाबायचं, कारण पुष्कळ मशीन पाच-सात ग्रॅमांपर्यंतचा उरलेला असमतोल शून्य म्हणूनच दाखवतात.

पावसाळ्यात पट्ट्या सुटतात त्याचं कारण बहुतेक वेळा डिंक नसतो, ओलावा असतो. जागा थिनरने पुसली, हीट गनने कोमट केली, पट्टी अंगठ्याने जोरात दाबली आणि वरून ॲल्युमिनियमची फॉइल टेप कडा झाकेल अशी लावली. चोवीस तास प्रेशर वॉशर लावायचा नाही आणि नंतरही त्याचा झोत थेट टेपवर मारायचा नाही.

नवी रिम आल्यावर तिच्यावर तीच पद्धत केली. शेवटचे आकडे असे: डावं पुढचं ७५ ग्रॅम (आतल्या काठाजवळ ४०, स्पोकमागे ३५), उजवं पुढचं ५५, डावं मागचं ९०, उजवं मागचं ६०. एकूण २८०. ३३ इंची मड टेरेनला एका चाकावर शंभर-सव्वाशे ग्रॅम लागणं काही वावगं नाही. दोनशेच्या वर मागणी आली की वजनांचा डबा बाजूला ठेवून कारण शोधावं.

गाडीवर चढवताना

मशीनवर मध्यावर बसवलेलं चाक गाडीवर कडेला बसलं तर सगळं वाया. हायलक्सचा हब १०६.१ मिलिमीटरचा, रिमचं भोक ११० चं. मध्ये जवळपास ४ मिलिमीटरची मोकळीक आणि ती भरून काढणारी रिंग एकही नव्हती. शंकूच्या आकाराचे नट असतील तर ते चाक बऱ्यापैकी मध्यावर आणतात, पण चाक जमिनीला टेकलेलं असताना एअर गनने पहिला नट पूर्ण आवळला की चाक खाली बसलेलं तसंच राहतं. इथे ११० ते १०६.१ च्या रिंगा बसवल्या. त्यांचं काम फक्त चाक मध्यावर आणण्याचं आहे, भार नटच घेतात. हबचा चेहरा वायर ब्रशने गंज काढून साफ केला, चाक हवेत ठेवून नट हाताने लावले, समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळले, आणि शेवटचा घट्टपणा गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. कंपनीचे नट सपाट वॉशरचे असतील आणि बाहेरच्या रिमची खाच शंकूची असेल, तर ते नट वापरायचेच नाहीत. तिथे थरथर हा लहान प्रश्न आहे, चाक निघून जाणं हा मोठा. ८० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासला. दोन नट थोडे फिरले.

टायरमध्ये काचेचे किंवा स्टीलचे मणी टाकून वजनांची कटकट संपवायची का, हा प्रश्न या मापाच्या टायरला येतोच. अमेरिकेत ३५-३७ इंची टायर वापरणारे अनेकजण तसं करतात आणि जड, गोल टायरला ते चालतंही. टायर रिमवर सरकला तरी मणी नवी जागा घेतात, हा त्यांचा खरा फायदा. पण कोकणच्या दमट हवेत साध्या कॉम्प्रेसरमधून पाणी आत जातं, मणी गोळा होऊन एका जागी चिकटतात, आणि सीलंट असेल तर कायमचेच. चाक गोल नसल्याचा दोष मणी काढत नाहीत. हवा उतरवताना व्हॉल्व्हमध्ये अडकतात, त्यासाठी जाळीचा व्हॉल्व्ह कोअर लागतो. हवा वारंवार कमीजास्त करणाऱ्या या गाडीला वजनं आणि पेंटची रेघच बरी, असं ठरलं.

रस्त्यावरच्या शेवटच्या चाचणीत काट्यावरच्या ७५ ते ८५ मधली थरथर गेली. ९० च्या आसपास स्टिअरिंगवर बोटं सैल ठेवली तर किंचित कंप लागतो. पाच आठवडे थरथरत चालल्याने पुढच्या टायरच्या कडेचे ठोकळे एकाआड एक उंच-सखल झिजलेत, त्याचा तो आहे. चाकं पुढची मागे, मागची पुढे करून ५,००० किलोमीटरमध्ये तो कमी व्हायला हवा. नंतरच्या चिखलाच्या ट्रिपहून गाडी आल्यावर डाव्या मागच्या चाकाची रेघ १५ मिलिमीटर तुटलेली होती, बाकी तिन्ही सलग. १५ मिलिमीटरचा हिशेब ८ ग्रॅमचा. रिमच्या आतली माती ब्रशने काढली, नक्षीतले खडे उपसले, नवी रेघ मारली आणि गाडी मशीनवर न चढवता परत दिली.